भीड भिकेची बहीण: उद्योगाच्या पहिल्या वर्षाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवउद्योजकांच्या यशोगाथा पुरवण्यांमध्ये नेहमी येतात. जिद्द, चिकाटी, स्वप्न हे शब्द त्यांत हमखास असतात. 'येणे बाकी' मात्र शोधूनही सापडत नाही. आम्ही ठाणे व नवी मुंबईतल्या छोट्या उद्योगांचे हिशेब आणि विवरणपत्रे पाहणारी मंडळी. नौपाड्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चालणाऱ्या डिझाइनच्या कामापासून वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या गाळ्यांपर्यंत अनेकांच्या पहिल्या वर्षाचे कागद आमच्या टेबलावर येतात. नोकरी सोडून धंद्यात उतरलेल्या मराठी माणसाला कष्ट नवे नसतात, काम येत असते, हिशेबही जमतो. अडते ते भिडेपाशी. भाव सांगताना भीड, आगाऊ रक्कम मागताना भीड, थकलेले बिल मागताना तर विचारूच नका. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तरी पहिले वर्षभर बहुतेक जण याच बहिणीकडे मुक्कामाला असतात. उद्योजकाची 'व्यक्तिगत वाढ' म्हणतात ती आमच्या मते भीड चेपण्याची गोष्ट आहे. ती कुठे कुठे आणि किती रुपयांना पडते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

भावापासून सुरुवात करू. पन्नास हजार पगार सोडून आलेला माणूस मनातल्या मनात भागाकार करतो. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. तासाला २५० रुपये. समोरचा 'जरा बघा ना' म्हणाला की २२०. हा भागाकार वरूनही चुकलेला असतो आणि खालूनही. २०० तासांपैकी बिल लावता येईल असे तास पहिल्या वर्षी ११० निघाले तरी पुष्कळ. बाकीचे कोटेशन, फोन, बँक, दुरुस्त्या आणि प्रवासात जातात. घोडबंदर रोडवरून वांद्र्याच्या बीकेसीला एका मीटिंगसाठी निघालेल्याने तर अर्धा दिवस विसरावा. आता वरचा आकडा. समजा घरखर्चाला ४०,०००, जागेचे भाडे १५,०००, फोन-इंटरनेट-सॉफ्टवेअर ४,०००, प्रवास ५,०००, हिशेबनीस ३,०००, आरोग्य विमा आणि तूटफूट ३,०००. बेरीज ७०,०००. भागिले ११०, म्हणजे ६३६. बुडणारी बिले आणि थोडा नफा यांसाठी १५ टक्के चढवले की ७३० च्या आसपास. २५० आणि ७३० यांच्यामधली दरी सगळीच भिडेची नसते, अज्ञानाचीही असते. पण आकडा कळल्यावरही जो तो उच्चारत नाही, त्याची अडचण भिडेचीच.

हा तासाचा दर गिऱ्हाइकाला सांगायचा नसतो. कोटेशन कामाचे द्यावे. दर आपल्याजवळ असला की घासाघीस कुठे थांबवायची ते कळते. रक्कम कमी करायचीच झाली तर दर तोच ठेवून काम कमी करावे. तीन नमुन्यांऐवजी दोन, घरपोच देण्याऐवजी गाळ्यावरून उचल. नात्यातल्या माणसाचे काम आले तर बिल पूर्ण रकमेचे करून सूट खाली वेगळ्या ओळीत दाखवावी. बिलावरच दाखवलेली सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो, त्यामुळे कराचे नुकसान नाही. आणि मामेभावाला आपण नेमके काय सोडले ते कळते. पुढच्या खेपेला तोच मामेभाऊ चार गिऱ्हाइके पाठवतो, तेव्हा ती सवलतीच्या भावाची अपेक्षा घेऊन येत नाहीत.

आगाऊ रक्कम मागताना साधा नियम असा, की आपल्या खिशातून माल घ्यावा लागणार असेल तर निदान त्या मालाची किंमत आधी हातात यावी. फॅब्रिकेशन, छपाई, फर्निचर अशा कामांत ती बहुधा निम्म्याच्या वर जाते. नुसत्या सेवेच्या कामात सुरुवातीला ४० टक्के, मधल्या टप्प्याला ३० आणि अंतिम फाइल देण्याआधी ३० अशी विभागणी चालते. शेवटचे ३० 'नंतर द्या' म्हटले की ते नंतरच येतात. जीएसटी नोंदणी असेल तर एक लक्षात ठेवावे. सेवेसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवरचा कर ती मिळाली त्या महिन्यातच देय होतो, मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर तो बिल केल्यावर लागतो. शिवाय कंपनी गिऱ्हाईक असेल तर टीडीएस, म्हणजे आपल्या नावावर आधीच भरायचा आयकर, कापते. एक लाखाच्या व्यावसायिक फीवर १० टक्के कापून ९०,००० आणि जीएसटीचे १८,००० असे १,०८,००० खात्यात येतात, १,१८,००० नव्हे. कापलेले दहा हजार बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात. पण तोवर वर्ष उलटलेले असते. महिन्याचा खर्च १,१८,००० धरून आखणाऱ्याला इथेच पहिली ठेच लागते.

आता वसुली. सगळ्यात जास्त पाने आम्ही यावरच लिहू शकतो.

बिल थकण्याचे कारण दर वेळी समोरच्याची नियत नसते. बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नसतो, जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकलेला असतो, मालाच्या वर्गवारीचा एचएसएन कोड भलताच असतो, माल पोचवल्याच्या चलनाची सही-शिक्क्याची प्रत जोडलेली नसते, किंवा व्हेंडर म्हणून आपली नोंदच झालेली नसते, कारण रद्द केलेला चेक कुणी मागितला नाही आणि आपण दिला नाही. असे बिल कुणी परत पाठवत नाही. ते टेबलाच्या कडेला पडून राहते आणि इकडे उद्योजक 'कसे विचारायचे' म्हणून महिनाभर गप्प बसतो. म्हणून बिल दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अकाउंट्स विभागात फोन करावा. ज्याने काम दिले त्या साहेबाला नव्हे. प्रश्न दोनच: 'बिल पोस्ट झाले का?' (म्हणजे त्यांच्या हिशेबात चढले का) आणि 'कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये आहे?' बऱ्याच कंपन्या महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच पैसे सोडतात. त्या तारखा कळल्या की अर्धी चिंता मिटते आणि मुदतीच्या दोन दिवस आधी केलेला फोन उद्धट वाटत नाही. मुदत उलटल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी मेल. पंधरा दिवसांनी निदान काही रक्कम मागावी आणि पुढचा माल थांबवावा. थकलेले गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्यालाच आणखी उधार देत राहणे, हे पहिल्या वर्षात गाळे बंद पडण्याचे आम्ही पाहिलेले सर्वांत मोठे कारण. आणि 'सावकाश द्या हो' हे वाक्य निदान वर्षभर तोंडातून काढू नये. बोलणारा ते सौजन्य म्हणून बोलतो, ऐकणारा मुदतवाढ म्हणून ऐकतो.

कायदा इथे छोट्याच्या बाजूने आहे, पण तो कुणाला धड माहीत नसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवस. मोजणी माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून होते. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी यावी लागते, नाहीतर माल पोचल्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. म्हणून चलनावर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नये. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. दाद मागण्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद आहे. २०२३ साली आयकर कायद्यात केलेल्या बदलानंतर तर अशा उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजावट म्हणून मिळत नाही. याचा व्यवहारातला उपयोग असा, की मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गिऱ्हाइकांना बाकीचा उतारा पाठवावा. मार्चअखेरीस अकाउंट्सवाल्यांनाच ती बिले निकाली काढायची घाई असते.

यासाठी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी उद्यम नोंदणी मात्र हवी, आणि माल देण्याआधी हवी. ती आधार व पॅनवर ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत होते. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. उद्यम क्रमांक बिलावर छापावा आणि खाली ४५ दिवसांच्या तरतुदीची एक ओळ टाकावी. परिषदेकडे जाण्याची वेळ क्वचित येते. ती ओळ मात्र रोज काम करते. भिडस्त माणसाच्या वतीने बिलच बोलते, हा तिचा मोठा गुण. एक खुलासा करतो: नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या कर्जापुरता, ४५ दिवसांचे संरक्षण त्याला नाही.

वसुली लांबली की जीएसटी कसा गळ्याशी येतो ते आकड्यांत पाहावे. ऑगस्टमध्ये १,००,००० अधिक १८,००० करांचे बिल केले. त्यासाठी ५५,००० चा माल घेतला, त्यावर ९,९०० कर दिला, त्याची वजावट मिळते. उरलेले ८,१०० सरकारला २० सप्टेंबरपर्यंत भरायचे, गिऱ्हाईक पैसे दिवाळीनंतर देणार असले तरी. आता आपल्या माल पुरवठादाराने त्याचे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत भरले नाही, तर आपल्याला मिळणारी वजावट दाखवणाऱ्या, १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीच्या २बी तक्त्यात ते ९,९०० दिसत नाहीत, आणि मग भरायचे पूर्ण १८,०००. म्हणजे भीड इथेही नडते: 'तुमचे रिटर्न भरले का' हे पुरवठादाराला ९-१० तारखेलाच विचारायला हवे. उलट आपणही पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांच्या आत दिले पाहिजेत, नाहीतर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. आपण विवरणपत्र चुकवले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते, पण खरा फटका तो नव्हे. गिऱ्हाइकाच्या २बीमध्ये आपले बिल दिसत नाही म्हणून तो आपले पैसेच अडवतो, आणि या वेळी तो बरोबर असतो.

जीएसटी नोंदणी घ्यायची की नाही, हा प्रश्न थोडक्यात. मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात ती साधारणपणे सक्तीची नाही; राज्याबाहेर माल विकायचा तर मात्र पहिल्या रुपयापासून हवी. गिऱ्हाईक कंपन्या असतील तर आधीच घ्यावी, कारण त्यांना वजावट हवी असते. गिऱ्हाईक घरगुती असेल तर उगाच घेऊ नये. घेतली की धंदा शून्य असला तरी विवरणपत्र चुकत नाही. गाळा भाड्याने घेताना आणखी एक सापळा आहे. मालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि आपली असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने रोखीने, म्हणजे वजावटीतून वळता न करता, भरायचा आहे. १५,००० भाड्यावर दरमहा २,७००. त्याची वजावट मिळते, पण आधी खिशातून जातात. एमआयडीसीतला गाळा पोटभाड्याने असेल तर मालकाने एमआयडीसीची परवानगी घेतली आहे का, हे अनामत देण्याआधी विचारावे. एजंट म्हणतो, 'सगळे असेच राहतात.' राहतात खरे, आणि मग नोंदणीच्या वेळी पत्त्याच्या पुराव्यासाठी त्याच एजंटला फोन लावत बसतात.

आता घराकडे. सगळ्यात अवघड भीड घरच्यांची आणि स्वतःची असते.

धंद्याचे खाते वेगळे, घरचे वेगळे, आणि करासाठी तिसरे. बिलाचे पैसे आले की त्यातला जीएसटी त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात. १ तारखेला स्वतःला ठरावीक रक्कम द्यावी. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात हा पगार कराच्या दृष्टीने खर्च धरला जात नाही, ती उचल असते; तरीही ती ठरलेली असावी. लागेल तसे काढणारा माणूस चांगल्या महिन्यात सोफा घेतो आणि वाईट महिन्यात मुलाच्या फीसाठी कराच्या पैशांना हात लावतो. सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासह बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नये, हे सगळेच सांगतात. आम्ही तीन गोष्टी जोडतो. कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून वैयक्तिक विमा आधी घ्यावा. नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गृहकर्ज घ्यायचे असेल तर नोकरीत असतानाच घ्यावे. धंदेवाल्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. आणि पीएफ मोडून यंत्र घेऊ नये. सलग पाच वर्षे सेवा झाली नसेल तर त्या रकमेवर करही लागतो.

घरच्यांना खरा आकडा सांगणे याहून जड जाते. पगार दरमहा सारखा यायचा, तेव्हा सांगण्यासारखे काही नव्हते. आता जोडीदाराला 'या महिन्यात ४० हजार, पुढच्या महिन्यात कदाचित २५' हे सांगावे लागते, आणि बरेच जण सांगत नाहीत. चार महिने क्रेडिट कार्डावर सारखेपणा टिकवतात. जोडीदाराला कळते तेव्हा रकमेपेक्षा लपवल्याचे जास्त लागते. घरून काम करणाऱ्याला दुसरा त्रास वेळेचा. 'घरीच असतोस ना' म्हणून गॅस सिलिंडर, सोसायटीचा प्लंबर, बँकेतली आजींची कामे सगळी त्याच्याकडे. सकाळी १० ते १ दार बंद, फोन बंद, एवढे तीन तास जरी राखले तरी बिलाचे तास वाढतात. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी वाशी-बेलापूर पट्ट्यात किंवा ठाणे स्टेशनजवळ एखाद्या सामायिक ऑफिसात खुर्ची भाड्याने घ्यावी. ते भाडे एकाग्रतेचे समजावे.

मित्राबरोबर भागीदारी करताना कागद करायला संकोच वाटतो. 'आपल्यात कागद कशाला?' कोण किती घालणार, दरमहा कोण किती उचलणार, चेकवर सही कुणाची, आणि एक जण बाहेर पडला तर त्याच्या वाट्याची किंमत कशी ठरणार, हे चार मुद्दे पहिल्या चहाच्या वेळीच लिहावेत, कारण शेवटच्या मुद्द्यावर नंतर कधीच एकमत होत नाही. करारपत्र करून भागीदारी संस्थेची नोंदणीही करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून येणारे पैसे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. मित्राची भीड राखली, आणि त्यापायी गिऱ्हाईक सुटले.

कर्ज आणि अनुदानाबद्दल एकच. पंतप्रधान रोजगार निर्मितीसारख्या योजनांत पहिल्या कर्जावरचे अनुदान नव्या उद्योगालाच मिळते. उसनवारीवर धंदा सुरू करून मग अर्ज करणाऱ्याचा अर्ज तिथेच बाद होतो. मिळालेले अनुदानही हातात येत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि पडताळणीनंतर कर्जात वळते होते. तेव्हा हप्ता ठरवताना अनुदान नाहीच असे समजावे.

वर्षभर मन खाली-वर होते ते बहुतेक बँकेतल्या शिल्लक रकमेबरोबर. कर आणि पुरवठादाराचे देणे त्यातच असते, म्हणून तो आकडा फसवा. शनिवारी अर्धा तास बसून वहीच्या एका पानावर चार आकडे लिहावेत: बँकेतील शिल्लक, येणी (तीस दिवसांच्या वरची वेगळी), देणी करासह, आणि उत्तर न आलेल्या कोटेशनची बेरीज. खाली तीन नावे, ज्यांना सोमवारी फोन करायचा आहे. ज्यांच्या वहीत हे पान बारा-पंधरा आठवडे सलग दिसते, त्यांच्या फोनवरची भाषा बदललेली असते. 'डिस्टर्ब तर करत नाही ना?' गळून पडते आणि 'बिल क्रमांक १४ बद्दल बोलायचे होते' असे थेट येते.

एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तारखांची एक चौकट छापावी. ७ तारीख, आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस भरण्याची (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत). ११, मासिक जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे विवरणपत्र. तिमाही भरणाऱ्यांसाठी तिमाहीनंतर १३. १४ ला २बी तपासणे. २० ला मासिक ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र. महाराष्ट्रात तिमाहीवाल्यांना २२. तिमाहीवाल्यांनी तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर भरण्यासाठी २५, कारण विवरणपत्र तिमाही असले तरी कर महिन्याचा महिन्याला जातो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च हे आगाऊ आयकराचे दिवस. अनुमानित उत्पन्नाची (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला नफा धरण्याची) पद्धत निवडलेल्यांना फक्त १५ मार्च. सरकारने मुदत वाढवली तर त्या महिन्यात तीही द्यावी. चौकट दहा-बारा ओळींची होईल. यशोगाथेच्या फोटोखाली सहज मावेल.

कळावे,
आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही हिशेबनीस आणि कर सल्लागार